टीव्हीचं लायसन्स: कोणाला लागतं, कोणाला नाही, आणि लागावं का

ब्रिटन आणि जर्मनीतल्या मराठी वाचकांकडून घरटी टीव्ही-फीबद्दल बरेच प्रश्न आले. त्यात सांगलीहून आलेल्या एका प्रश्नाची भर पडली. या वेळी सगळे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आमच्याकडे अँटेना नाही, डिश नाही. नेटवर चालणाऱ्या बॉक्सवर फक्त मराठी वाहिन्या बघतो. बीबीसी लावतही नाही. तरी लायसन्स घ्यावं लागेल का? (हॅरो, लंडन)

वाहिनी थेट बघत असाल तर हो. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. पैसे बीबीसीकडे जातात, त्यामुळे बीबीसी न बघणाऱ्याला सूट असेल असं वाटतं. कायदा मात्र विचारतो एवढंच, की वाहिनीवर कार्यक्रम चालू असताना तो तुम्ही बघता किंवा रेकॉर्ड करता का? वाहिनी कोणत्या देशातली, भाषा कोणती, पडदा टीव्हीचा की मोबाइलचा, याने फरक पडत नाही.

एक उदाहरण घ्या. भारतात रात्री साडेआठला लागणारी मालिका लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारी तीनला येते. तीन वाजता ॲपमधली ‘लाइव्ह’ वाहिनी लावून ती बघितलीत तर लायसन्स लागतं. मध्येच थांबवून, चहा करून पुढे बघितली तरी लागतं. तोच भाग संध्याकाळी भागांच्या यादीतून उघडून बघितलात तर लागत नाही. यूट्यूबचंही तसंच आहे. जुने व्हिडिओ बघायला लायसन्स नको, पण वृत्तवाहिनीचं चोवीस तास चालणारं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर बघणं म्हणजे टीव्ही बघणंच. नेटफ्लिक्सवरचे सिनेमे मोकळे, त्यावरचा थेट सामना नाही. रेडिओला 1971 पासून लायसन्स नाही. बीबीसी आयप्लेअरवर (बीबीसीचे कार्यक्रम नेटवर दाखवणाऱ्या सेवेवर) मात्र 1 सप्टेंबर 2016 पासून जुना कार्यक्रम बघायलाही लायसन्स लागतं.

रक्कम 1 एप्रिल 2025 रोजी वर्षाला 174.50 पौंड झाली. एप्रिलमध्ये ती बदलते, म्हणून भरताना चालू आकडा बघून घ्या. एका पत्त्यावरच्या एका कुटुंबाला एक लायसन्स पुरतं, पडदे कितीही असोत. बँकेतून मासिक हप्ता लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पहिल्या वर्षाची रक्कम पहिल्या सहा महिन्यांतच वसूल होते. त्यामुळे 2025 च्या दराने सुरुवातीला महिन्याला 29 पौंडांच्या आसपास जातात आणि पुढे हप्ता निम्मा होतो. अनेकांना वाटतं की दुप्पट कापले गेले. ते हप्ता बंद करतात आणि लायसन्स रद्द होऊन बसतं.

थेट काही आणि आयप्लेअरही बघतच नसाल तर अधिकृत संकेतस्थळावर ‘लायसन्स नको’ असं जाहीर करा. पत्रं थांबतात. काही काळाने पुन्हा विचारणा होते, तेव्हा पुन्हा कळवायचं. ‘तुमचं लायसन्स संपलं’ अशा खोट्या ईमेलचा सुळसुळाट आहे. दुव्यावर क्लिक न करता पत्ता स्वतः टाइप करून खात्री करा.

प्रश्न: आम्ही पाच विद्यार्थी एका घरात राहतो. लायसन्स तपासणारा अधिकारी दारात आला तर आत घ्यावंच लागतं का? (कॉव्हेंट्री)

नाही. मॅजिस्ट्रेटचं वॉरंट नसेल तर त्याला आत यायचा हक्क नाही. तुम्ही नम्रपणे नाही म्हणू शकता. बोललात तर तो प्रश्नोत्तरं लिहून घेतो. वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका, कारण तोच कागद पुढे पुरावा होतो.

किती लायसन्स लागतील ते भाडेकरारावर ठरतं. पाचही जणांचा मिळून एक करार असेल तर सहसा घराला एक पुरतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल तर जो थेट बघतो त्याला आपलं वेगळं घ्यावं लागतं. ‘लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर चालतं’ हे ऐकलं असेल. ती सवलत ज्यांच्या आईवडिलांच्या ब्रिटनमधल्या घराला लायसन्स आहे त्यांच्यासाठी आहे, आणि तीही चार्जर लावलेला नसेपर्यंत. पुण्या-नागपूरहून गेलेल्या मुलांना तिचा उपयोग नाही.

प्रश्न: सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, आमच्याकडेच राहतात. ज्येष्ठांना लायसन्स मोफत असतं ना? (लेस्टर)

सरसकट मोफत 31 जुलै 2020 पर्यंत होतं. आता 75 पूर्ण केलेल्या व्यक्तीला किंवा तिच्यासोबत राहणाऱ्या जोडीदाराला पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत) मिळत असेल तरच. मिळत असेल तर त्यांच्या नावे अर्ज करा, मग सगळं घर त्यात येतं. सासूबाई व्हिसावर आल्या असतील आणि व्हिसात सरकारी मदतीला मनाई असेल, तर फुकट टीव्हीसाठी पेन्शन क्रेडिटचा अर्ज मुळीच करू नका. व्हिसाच्या अटी मोडल्या जातील. अंध व्यक्तीला अर्धी सूट आहे, तिला पेन्शन क्रेडिटची अट नाही.

प्रश्न: जर्मनीत येऊन दोन महिने झाले. टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी फी वसूल करणाऱ्या ‘बायट्रागस्सर्व्हिस’ या कार्यालयाचं पत्र आलं. दुर्लक्ष करू का? (श्टुटगार्ट)

अजिबात नको. जर्मनीत 2013 पासून फी उपकरणावर नसून राहत्या घरावर आहे: महिन्याला 18.36 युरो, तीन महिन्यांचे 55.08. पत्त्याची नोंदणी केलीत की तुमची माहिती तिकडे जाते. उत्तर दिलं नाही तर ते आपोआप नोंद करतात, घरात आल्याच्या महिन्यापासून मागतात आणि उशिराचे किमान 8 युरो वर लावतात.

सामायिक फ्लॅटमध्ये राहत असाल तर कोणी आधीच भरतंय का विचारा. भरत असेल तर त्याचा फी-क्रमांक उत्तरात लिहा, तुम्हाला वेगळी भरावी लागत नाही. वसतिगृहात सर्वांना खुल्या कॉरिडॉरमध्ये दार उघडणारी खोली स्वतंत्र घर धरली जाते. बाफॉग ही सरकारी शिष्यवृत्ती मिळणाऱ्या आणि आईवडिलांपासून वेगळं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना माफी आहे, पण भारतीय विद्यार्थ्यांना ती शिष्यवृत्ती सहसा नसते.

प्रश्न: आपल्याकडे पूर्वी रेडिओचं लायसन्स असायचं. आज घरटी फी आणली तर दूरदर्शन सरकारच्या दबावातून सुटेल का? (सांगली)

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा घरात टीव्ही ठेवायला पोस्टातून लायसन्स घ्यावं लागे आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागे. रेडिओचे 15 रुपये, टीव्हीचे 50. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या मध्याला बंद झाली. आज केबलवाल्याला आपण देतो ती लायसन्स फी नव्हे, आणि डीडी फ्री डिशला मासिक पैसेच नाहीत. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, तो लागू झाला 1997 मध्ये. संस्था कागदावर स्वायत्त आहे, पण पगाराचा पैसा सरकारी अनुदानातून येतो.

सर्वांच्या उपयोगाच्या प्रसारणाचा खर्च सर्वांनी उचलावा, हे आम्हाला मान्य आहे. सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम केवळ जाहिरातीच्या बळावर टिकणार नाही. पण फी आली की दबाव जातो, हे खरं नाही. ब्रिटनमध्ये फीचा आकडा सरकारच ठरवतं. 2022 मध्ये ती दोन वर्षांसाठी 159 पौंडांवर गोठवली गेली आणि महागाईची झळ बीबीसीला बसली. जर्मनीत गरज किती याचा हिशेब 16 सदस्यांचा स्वतंत्र आयोग करतो. 2020 मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्याने वाढ अडवली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने 2021 मध्ये ती स्वतः लागू केली. दबाव कमी होतो तो अशा व्यवस्थेने.

ब्रिटनच्या पद्धतीत आम्हाला दोन गोष्टी मुळीच पटत नाहीत. एक, कोट्यधीशाला आणि एकट्या आईला रक्कम सारखीच. फिनलंडने 2013 पासून उपकरणावरची फी काढून उत्पन्नावर कर बसवला, तो अधिक न्याय्य आहे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: विनालायसन्स बघणं तिथे फौजदारी गुन्हा आहे, दंड 1,000 पौंडांपर्यंत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2019 साली यात दोषी ठरलेल्यांपैकी सुमारे 74 टक्के स्त्रिया होत्या. अधिकारी येतो तेव्हा घरी बहुधा बाईच असते, दार तीच उघडते आणि सही तिचीच होते. बघतं सगळं घर, खटला तिच्या एकटीवर. तोही बहुतेकदा एकच मॅजिस्ट्रेट कागद बघून निकाली काढतो, ती समोर नसताना. वीजबिल थकलं तर जशी दिवाणी वसुली होते तशी इथेही व्हावी. भारतात फीचा विचार कधी झालाच तर हा भाग उचलू नये.

प्रश्न: मुदत संपायच्या आत भारतात परततो आहोत. पैसे परत मिळतात का? (रेडिंग)

ब्रिटनमध्ये मिळतात. किमान एक पूर्ण महिना शिल्लक हवा आणि त्या काळात लायसन्सची पुन्हा गरज नसावी. बँक खातं बंद करण्याआधी अर्ज करा, नाहीतर परतावा अडकतो. जर्मनीतून निघणाऱ्यांनी फक्त नगरपालिकेतली नोंद रद्द करून थांबू नये. फीची नोंद वेगळा अर्ज करून, नगरपालिकेचा दाखला जोडून रद्द करावी लागते.