तीन भावंडांची एमजी, सही एकाच भावाची

नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी लिहिते, चुकत असेन तर लगेच कळवा. मिरजेच्या एका जुन्या घराच्या शेडमध्ये १९५१ ची एमजी टीडी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कित्येक वर्षं उभी आहे, रंगाला कोणी हात लावलेला नाही, इंजिन जाम. मूळ मालक १९९४ साली गेले, मृत्युपत्र नाही, त्यांच्या पत्नीही आता नाहीत, मागे एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा १४ लाखांना द्यायला तयार झाला, तुम्ही ५० हजार टोकन पाठवलं, आणि चार दिवसांनी नागपूरच्या बहिणीचा फोन आला की मला कोणी विचारलेलंच नाही. वर आरसी बुकातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळत नाहीये. टोकन बुडेल का आणि १४ लाख जास्त होतात का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी त्या फोनचं बघू, कारण त्या फोनने सगळं बदललंय. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आज त्या गाडीत तिघांचा सारखा वाटा आहे, तिसरा हिस्सा प्रत्येकी. गाडी भावाच्या शेडमध्ये आहे म्हणून ती त्याची होत नाही. आता वस्तू विक्री कायदा, १९३० यात कलम २८ आहे, ते असं म्हणतं की सहमालकांपैकी एकाच्या ताब्यात इतरांच्या परवानगीने वस्तू असेल आणि घेणाऱ्याने ती प्रामाणिकपणे, याला विकायचा अधिकार नाही हे माहीत नसताना घेतली, तर घेणाऱ्याची मालकी पक्की होते. कोणीतरी तुम्हाला सांगेल की टोकन फोनच्या आधी दिलं म्हणजे तुम्ही सेफ आहात. मी नाही सांगणार. तुमच्या व्हॉट्सॲप चॅटमध्ये नुसतं 'टोकन पाठवलं, बाकी कागद बघून ठरवू' एवढंच आहे, त्यावर पक्का सौदा झाला होता हे सिद्ध करणं कठीण, आणि आता तुम्हाला कळलंय. आता उरलेले पैसे देऊन गाडी उचललीत तर तुम्ही डोळे उघडे ठेवून वाद विकत घेताय.

टोकन मात्र बुडू नये. विकणाऱ्याला विकायचा हक्क असला पाहिजे ही अट त्याच कायद्याच्या कलम १४ मुळे प्रत्येक विक्रीत धरलेलीच असते, करारात लिहा किंवा नका लिहू. त्याच्याकडे पूर्ण हक्क नव्हता, मग 'तुम्ही माघार घेतली म्हणून टोकन जप्त' असं त्याला म्हणता येणार नाही. पण लगेच नोटीस पाठवू नका प्लीज, आधी साधा मेसेज करा की तिघांची संमती मिळेपर्यंत व्यवहार थांबलाय आणि टोकन तुमच्याकडे माझं म्हणून राहील. भावाबहिणीत बोलणं सुरू असताना वकिली नोटीस गेली की दारं बंद होतात, हे मी फार वेळा बघितलंय.

संमती कशी घ्यायची? तिघांची सही असलेला विक्री करार, दोघी बहिणींची नोटरीसमोर केलेली प्रतिज्ञापत्रं आणि पैसे तिघांच्या वेगवेगळ्या खात्यात थेट. त्या नागपूरच्या ताईंनाही तुम्ही स्वतः फोन करा, भावामार्फत नको. बँकेचा माणूस किंवा एजंट सक्सेशन सर्टिफिकेट मागेल, ते मुळात येणी आणि शेअर्स-ठेवींसाठी असतं, गाडीसाठी वारस दाखला लागतो. तो आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी कोर्ट देतं. आरटीओत गाडी आधी वारसांच्या नावावर होईल (फॉर्म ३१), मग तुमच्या नावावर (२९ आणि ३०). नोंदणी कधीचीच संपलीय, जुनं रेकॉर्ड ऑनलाइन नसेल तर बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागेल, त्यामुळे गाडी नावावर होईपर्यंत पैशाचा मोठा भाग हातात ठेवा.

आता किंमत. टीडी १९४९ ते १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली, २९ हजारांच्या वर, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. म्हणजे जगात ती दुर्मिळ नाही, आणि भाऊ जे लंडनच्या लिलावाचे आकडे दाखवतोय ते चालू, पूर्ण गाड्यांचे असणार. तुमच्या गाडीत दोन गोष्टी भाव ठरवतील. एक म्हणजे लाकूड, कारण पत्र्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा असतो आणि शेडमध्ये वाळवी लागली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, दरवाजे उघडून बिजागरीपाशी टोचून बघा. दुसरं इंजिन. मूळ इंजिन १२५० सीसी, नंबर एक्सपीएजी अक्षरांनी सुरू होतो. आपल्याकडे पार्ट मिळेनात तेव्हा अशा गाड्यांमध्ये ॲम्बॅसेडरचं इंजिन बसवलेलं सापडतं. तसं असेल तर नुसता भाव नाही, कायदाही अडतो, २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी बसते पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको असतो. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदली तर रोज ऑफिसला नेता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच.

नंबर जुळत नाही हे तुम्ही स्वतः पाहिलंय, तेव्हा नंतर फसवलं म्हणून कोर्टात फारसं ऐकलं जाणार नाही. करारात चेसिस नंबर, इंजिनावर आज दिसणारा नंबर आणि आरसीवरचा नंबर हे तिन्ही लिहा. 'ओरिजिनल' हा शब्द एकटा लिहू नका. १९९० साली लंडनच्या हायकोर्टात याच शब्दाभोवती 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीचा खटला चालला, फ्रान्समधल्या ले मान्सची १९२९ आणि १९३० ची शर्यत जिंकलेली गाडी, बहुतेक भाग बदललेले, आणि घेणाऱ्याचं म्हणणं ही ती गाडीच नाही. कोर्टाने विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. तिथे सौदा एक कोटी पौंडांचा होता, तुमचा १४ लाखांचा, पण शब्द तोच आहे. 'रंग मूळ, शेवटची दुरुस्ती माहीत नाही' असं साध्या वाक्यात लिहा.

माझं मत विचाराल तर इंजिन एक्सपीएजी निघेपर्यंत १४ लाख मान्य करू नका. जुन्या एमजी प्रत्यक्ष उघडलेल्या मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घ्या, त्याच्यावर नवा भाव बोला. आणि गाडी काही कारणाने आधीच ताब्यात आली तरी तिघांच्या सह्या होईपर्यंत एक स्क्रू काढू नका, धुवायचीही नाही, आत्ताच सगळ्या बाजूंचे, प्लेट्सचे, धुळीसकट फोटो काढून ठेवा. बहिणीने हरकत घेतली तर गाडी जशीच्या तशी परत द्यावी लागेल, आणि उघडलेली जुनी गाडी जशीच्या तशी परत देता येत नाही. ताईंशी बोलणं झालं की कळवा, कराराचा मसुदा मी बघून देते.