परस्पर बंद केलेले प्लगिन

प्रश्न : सावद्याहून केळी वेफर्सची वर्डप्रेस साइट चालवतो. होस्टिंगवाल्यांनी (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे त्यांनी) बॅकअपचं आणि ‘संबंधित लेख’ दाखवणारं, असे दोन प्लगिन (साइटला जोडायचे जादा प्रोग्राम) परस्पर बंद केले. भांडू का?

उत्तर : भाऊ, भांडण नंतर. ‘संबंधित लेख’वालं पानापानाला डेटाबेस (साइटचा मजकूर साठवलेला असतो तो) ढवळतं, त्याचा भार त्याच सर्व्हरवरच्या शेजारच्या साइटींवरही पडतो. गेलं तर जाऊ द्या, लिंका हातानं टाका. बॅकअपचं मात्र मनावर घ्या: प्लगिन गेलं तरी बॅकअप हवाच. आमच्या मसाल्याच्या साइटवर ते प्लगिन साइटच्याच डिस्कवर बॅकअपच्या झिप फायलींवर फायली रचत बसलं. जागा संपली अन् ऑर्डरी अडकल्या. (फोन आला तेव्हा मी मळ्यात भरिताची वांगी भाजत होतो!) कंपनीचा स्वतःचा बॅकअप किती दिवस राहतो, ते लेखी विचारा. दर आठवड्याला डेटाबेस आणि अपलोड्सचं फोल्डर घरच्या हार्डडिस्कवर उतरवा. उत्तरच देत नसतील, तर होस्टिंगची मुदत संपायच्या आत साइटचं बिऱ्हाड दुसऱ्या कंपनीकडे हलवा.