पोर पेंगतंय की उपाशी आहे?

प्रश्न : ताई, मी झेडपी शाळेत चौथीला शिकवते. पहिल्या दोन तासांना सहा-सात पोरं नुसती पेंगतात, गणित डोक्यात शिरतच नाही, आणि खिचडी खाल्ली की तीच पोरं पटापट उत्तरं देतात. असं का?

उत्तर : मॅडम, उत्तर तुम्हीच दिलंय की! अहो वाढत्या पोराच्या शरीरातली बरीचशी ऊर्जा एकटा मेंदूच वापरतो, आणि रात्री जेवल्यापासून दुपारपर्यंत पोटात फक्त कोरा चहा असेल तर लक्ष कुठून लागणार. त्यात लोह कमी असलं की पोर दमतं, चिडचिड करतं, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो, हे मला फार लागतं. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन असा नियम आहे, पण ते मिळतं दुपारी. तोवर काय? शक्य असेल तर गणित खिचडीनंतर घ्या. बचत गटातल्या बायकांशी बोला, परिपाठाआधी मूठभर फुटाणे-गूळ मिळाला तरी खूप. आणि द्यायचं ते सगळ्या वर्गाला द्या, त्या सहा-सात जणांनाच वेगळं काढू नका, पोरांना ते लगेच कळतं.