शोभेचं गवत लावायचंय? आधी वाळा लावा

ताई, पाणी कमी म्हणून बागेत शोभेचं गवत लावताय ते बरोबरच, पण एक गैरसमज आधी काढून टाका. कमी पाण्याचं गवत म्हणजे पहिल्या दिवसापासून बिनपाण्याचं नाही, मुळं खाली जाईपर्यंत पहिलं वर्षभर त्याला पाणी द्यावंच लागतं, मीपण पहिल्या वेळी मार्चमध्ये लावून गावी निघून गेलो आणि आलो तर सगळा पेंढा. त्यामुळे जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की लावा.

सुरुवात वाळ्यापासून करा, आपला माठात टाकतो तोच, मुळं सरळ खाली 2-3 मीटर जातात म्हणून उन्हाळा काढतो, शिवाय बांधावरची माती धरून ठेवतो. बेटातून 3-4 फुटव्यांची जुडी काढायची, पानं वीतभर ठेवून छाटायची आणि दोन-दोन फुटांवर लावायची. रंग हवा असेल तर जांभळं फाउंटन ग्रास (कारंज्यासारखं पसरणारं शोभेचं गवत) घ्या, हिरवं नको, त्याचं बी वाऱ्याने उडून सगळीकडे उगवतं.

काळी माती असेल तर फाउंटन ग्राससाठी मुरूम मिसळा नाहीतर उंचवटा करून लावा, पाणी साचलं की त्याचा बुडखा कुजतो, वाळा मात्र साचलेलं पाणी सहन करतो. आणि युरिया अजिबात नको हं, नर्सरीवाला कितीही सांगू दे, गवत नुसतं माजतं आणि आडवं पडतं. मेअखेरीस वीतभर ठेवून कापा, हातमोजे घालूनच, पानांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.