ट्राय? लावून एरर जात नाही, नुसती दिसेनाशी होते

भाऊ, बाजारभावाचा जेसन (सर्व्हरकडून मजकुराच्या रूपात येणारा डेटा) वाचताना तुमचं स्विफ्टमधलं ॲप क्रॅश होत होतं, म्हणून तुम्ही ट्राय! (एरर आली की ॲप बंद पाडणारा) काढून ट्राय? टाकलं आणि आता स्क्रीन कोरी येते, असं तुम्ही लिहिलंय. कोरी येणारच. ट्राय? ने फेकलेली एरर गिळली आणि तुमच्या हातात नील, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवलं. काय बिघडलं ते त्या एररमध्येच लिहिलेलं होतं.

आधी डू-कॅच, म्हणजे एरर पकडून हातात देणारी रचना, लावा. स्विफ्टमध्ये डीकोडिंगएररचे (जेसन वाचताना येणाऱ्या एररचे) चार प्रकार आहेत: की (जेसनमधलं किमतीचं नाव) नसली तर कीनॉटफाउंड, प्रकार जुळला नाही तर टाइपमिसमॅच, नल (जेसनमधली रिकामी किंमत) आला तर व्हॅल्यूनॉटफाउंड आणि जेसनच मोडका असला तर डेटाकरप्टेड. नुसतं लोकलाइज्डडिस्क्रिप्शन (एररचं मोघम वर्णन) छापू नका, त्यातून काही कळत नाही. अख्खी एरर छापा. तिच्यातला कोडिंगपाथ नेमकी जागा दाखवतो.

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या भावाचं ॲप मी केलं होतं. आंबिया बहाराच्या ऐन हंगामात एका सकाळी यादी रिकामी! कोडिंगपाथमध्ये आलं इंडेक्स ३७ आणि त्यापुढे किमान भावाची की. त्या प्रतीची त्या दिवशी आवकच नव्हती, म्हणून सर्व्हरने नल पाठवला होता आणि माझ्या स्ट्रक्टमध्ये (डेटाच्या साच्यात) तो भाव साधा इंट, म्हणजे नल न चालणारा पूर्णांक, होता. ॲरेतला (यादीतला) एक घटक फसला की अख्खा ॲरे जातो. गाडी भरायच्या आधी भाव बघणाऱ्या शेतकऱ्याला बाकीचे सगळे भाव मिळायला हवे होते, याचं मला फार वाईट वाटलं.

भाव ऑप्शनल (नील चालेल असा) केला आणि नील असला तर ‘आवक नाही’ दाखवलं. तिथे शून्य कधीच टाकू नका. शून्य रुपये क्विंटल हा खोटा भाव झाला.

शिवाय प्रत्येक ओळीला एक छोटा रॅपर स्ट्रक्ट (ओळीभोवतीचं वेष्टन) दिला. त्याच्या इनिटमध्येच (तो तयार होतो त्या कोडमध्येच) डू-कॅच आहे: ओळ फसली तर एरर लॉगमध्ये जाते, बाकीची यादी दिसते. अनकीड कंटेनरवर (ॲरेतला एकेक घटक वाचून देणाऱ्या साधनावर) व्हाइल लूप लावून आत थेट ट्राय? लिहू नका. डीकोड फसलं की इंडेक्स पुढे सरकत नाही आणि लूप कधी संपतच नाही. माझी एक पूर्ण दुपार यात गेली आहे.

डेटाकरप्टेड आलं तर आधी स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक) बघा. ५००, म्हणजे सर्व्हरमधला बिघाड, आला तरी नेटवरून डेटा आणणारं यूआरएलसेशन एरर फेकत नाही, आणि तुम्ही एचटीएमएलचं पान जेसन समजून वाचत बसता.

कोडिंगपाथमध्ये काय छापून येतं ते आणि तुमचा स्ट्रक्ट इथे टाका, मग पुढचं बघू.