एप्रिलमध्ये पालला मित्रांसोबत कॅम्पिंग करायचंय, जंगलात चूल पेटवली तर चालते का? वणवा लागलाच तर काय करायचं?

भाऊ, चुलीचं आधी सांगतो. नको, अजिबात नको. जळगाव जिल्ह्यातलं पाल हे सातपुड्यातलं गाव यावल अभयारण्याला लागून आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 30 सांगतं की अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायची नाही आणि पेटती सोडूनही जायचं नाही. पण कायदा राहू द्या बाजूला, एप्रिलमध्ये सातपुड्यात सागाची सगळी पानं खाली आलेली असतात, वाळून कुरकुरीत, वर आपल्याकडचं ऊन म्हणजे 43-44 डिग्री आणि दुपारचा वारा, एक ठिणगी उडाली की संपलं. भरीत पार्टी करायचीच असेल तर खाली गावात कोणाच्या तरी मोकळ्या शेतात काड्यांवर वांगी भाजा आणि भरीत, कळण्याच्या भाकरी डब्यात भरून वर न्या. बिडी-सिगारेट पण गावातच.

आता वणवा. सगळ्यात महत्त्वाचं, आगीच्या वरच्या अंगाला पळू नका. घाबरला की माणूस टेकडीवर धावतो पण आग चढावर जास्त जोरात पळते, चढ साधारण 10 अंशांनी वाढला की तिचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, तुम्ही दम खात असता आणि ती वर आलेली असते. 2018 च्या 11 मार्चला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले, 20 हून जास्त जण गेले, ती बातमी वाचल्यापासून मी उन्हाळ्यात ग्रुप नेणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत असतो.

मग जायचं कुठे? वाऱ्याची दिशा बघा आणि आडवं किंवा खाली सरका, नांगरलेलं शेत, डांबरी रस्ता, सुकी नदीचं रुंद पात्र, उघडा खडक, नाहीतर आधीच जळून काळी पडलेली आणि विझलेली जागा, कारण तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. अरुंद खडा नाला मात्र टाळा, त्यातून आग आणि धूर धुराड्यासारखा वर ओढला जातो. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं.

बरेच जण लगेच म्हणतात आदिवासी मोहफुलांसाठी जंगल जाळतात. मोहाखालचा पाला जाळतात काही लोक, खरंय, झाडाखाली जाळी बांधली तर त्याची गरज राहत नाही. पण वणवा लागल्यावर हिरव्या फांद्या घेऊन वनमजुरांसोबत विझवायला सगळ्यात आधी धावतात ते पावरा, तडवी या आदिवासी समाजांतली पोरंच, हे कोणी सांगत नाही. आणि वनखाते फेब्रुवारीपर्यंत जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, काढतं, पण त्या साफ असल्या तरी वाऱ्यावर उडालेली ठिणगी पलीकडे जातेच.

निघण्याआधी परवानगी घ्याच आणि तेव्हाच तिथल्या वनरक्षकाचा नंबर घ्या. वनखात्याची हेल्पलाइन 1926 आहे, इमर्जन्सीला 112, पण आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कोणत्या वाटेने जाताय आणि कधी परत येणार ते गावात कोणाला तरी सांगून जा. तारीख पुढे ढकलता आली तर पहिल्या पावसानंतर या.