सदाफुली उन्हाने जळाली की पाण्याने?

तुम्ही विचारलंय की दिवसभर ऊन असलेल्या वाफ्यात, गुडघ्याच्या वर न जाणारी, उन्हाळाभर फुलणारी आणि दरवर्षी नव्याने लावावी न लागणारी सदाफुली दोनदा लावली, पण दोन्ही वेळा महिनाभरात रोपांनी माना टाकल्या. ऊन सोसलं नाही का?

ऊन तिला सोसतं. मूळची ती मादागास्करची. माझा अंदाज असा की तुम्ही तिला पाणी पाजून मारलीत. हे छातीठोकपणे सांगतोय, कारण मीही तेच केलं होतं.

भर दुपारी सदाफुलीची पानं आत वळतात, रोप केविलवाणं दिसतं. ते पाहून मी रोज दुपारी झारी रिकामी करायचो. पंधरा दिवसांत एकेक फांदी लोंबायला लागली, खोडावर जमिनीलगत काळपट डाग आले. शेवटी एक रोप उपटलं, मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात फक्त मधला दोरा राहिला. ही मुळकूज. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव ओल्या मातीत फोफावतो आणि सदाफुली त्याला फार लवकर बळी पडते.

तेव्हापासून मी दुपारी तिच्याकडे बघतच नाही. संध्याकाळी पानं उलगडली की तिचं ठीक चाललंय. सकाळीही मलूल असेल तर माती उकरून बघतो. दोन पेरं खोल कोरडी लागली तर भरपूर पाणी, तेही बुंध्याशी, पानांवर नाही. माती ओली असून रोप मलूल असेल तर पाणी बंद. बहुतेक वेळा तेव्हा उशीर झालेला असतो.

माती चिकण असेल तर नुसता खड्डा करून त्यात वाळू भरू नका, त्याची विहीर होते आणि भोवतालचं पाणी तिथेच जमतं. अख्खा वाफाच वीतभर उंच करा, त्यात भरड वाळू आणि कुजलेलं खत मिसळा. खताचा हात मात्र आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पानं तजेलदार होतात आणि फुलं रुसतात. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर सहसा माती चुनखडीची असते आणि मुळांना लोह मिळत नाही. हिला किंचित आम्ल माती मानवते.

आता बुटकेपणा. जुन्या देशी सदाफुलीची उंची मीटरभर जाते, म्हणून बुटक्या संकरित वाणाचं रोप घ्या, ती साधारण ३० सेंटिमीटरवर थांबतात. देशीच आवडत असेल (मला तीच आवडते) तर रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटव्यांचेही शेंडे एकदा खुडा. दोनतीन आठवडे फुलं मिळत नाहीत, पण नंतर झुडूप गोल, भरगच्च होतं. वाळलेली फुलं वेचत बसायची गरज नाही, ती आपोआप गळतात. थंडीत हिमकण पडले तर मात्र झाड जातं. अशा ठिकाणी कुंडीत लावून थंडीत आत घ्या.

बी घरचंच धरता येतं. फुलांमागे बारीक शेंगांची जोडी लागते. ती पिवळसर झाली की काढा. एक दिवस उशीर केलात तर शेंग फुटून काळं बी जमिनीवर सांडतं. बी अंधारात रुजतं, म्हणून वर अर्धा सेंटिमीटर माती टाका. संकरित वाणाचं बी आईसारखं निघेलच असं नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. हिच्यापासूनच विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. रक्तातली साखर उतरायला पानं चावायला सांगणारेही भेटतात. ऐकू नका, झाड विषारी आहे. कुत्र्यामांजरांनाही लांब ठेवा.

आणि तिसरं रोप त्याच जागी लावू नका. रोगाचे बीजाणू मातीत टिकून राहतात. जुनी रोपं मुळासकट काढून फेका, खताच्या ढिगात टाकू नका, आणि नवा वाफा थोडा बाजूला, उतार असेल तर वरच्या अंगाला करा.